वळणावरचा उजेड

गाडीच्या दिव्याने वळणात डोकावावे, ही कल्पना आजच्या ‘कॉर्नरिंग लाइट’पेक्षा फार जुनी आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या १९३५च्या टाट्रा ७७ए गाडीत मधला तिसरा दिवा स्टिअरिंगबरोबर फिरत असे. १९६७ साली फ्रान्सच्या सित्रोएन डीएसने आतले दोन्ही दिवे फिरते केले.

त्याच सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचे दिवे मात्र जागचे हलत नसत. चाक कुठेही वळो, उजेड नाकासमोर! पुढे पद्मिनीनेही तोच वारसा चालवला. वळण अंदाजानेच घेत आलेल्या जुन्या चालकांना हा दिवा चोचला वाटावा, यात नवल नाही.

घाटकोपर-मुलुंडच्या झगमगत्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर त्यांचा आक्षेप रास्तही आहे. १९४९ साली वसलेल्या आरे दुग्धवसाहतीतून रात्री गोरेगावहून पवईकडे निघणाऱ्याचे मत मात्र पालटते. तिथे वळणापलीकडे पाड्यावरचा माणूस पायी चालत असतो. कधी बिबट्याही असतो. वेग कमी करून वळताना बाजूला पडणारा हा उजेड त्या माणसाला वेळेत दृष्टीस आणतो. अनेक गाड्यांत तो अजूनही महागड्या व्हेरिअंटपुरताच मिळतो.