खरखरीचा नकाशा : दृष्टिहीन श्रोता आणि डिजिटल रेडिओ

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. आज तिचे केंद्र मुंबईच्या उपनगरात, बोरिवली पश्चिमेला गोराई रस्त्यावर आहे. जे माध्यम संपूर्णपणे आवाजावर उभे आहे, त्याचे यंत्र हाताळताना दृष्टिहीन श्रोताच अडखळावा, ही उफराटी गोष्ट कशी घडली? त्याचे उत्तर रेडिओच्या बटणांत दडलेले आहे.

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. त्यानंतर अर्धशतकभर घरोघरी जे संच आले (मुलुंडची वेस ओलांडली की लागणाऱ्या ठाण्यातच मर्फीचा कारखाना होता), त्या बहुतेकांची रचना सारखीच असे. एक बटण आवाजाचे. ते फिरवताच ‘टक्’ असा आवाज होई आणि संच सुरू झाल्याचे कळे. दुसरे बटण केंद्र लावण्याचे. ते दोन्ही टोकांना अडे. एका टोकापासून किती वळसे घेतले की मुंबई ‘ब’ लागते, हे बोटांना पाठ होई. दोन केंद्रांमधली खरखर म्हणजे जणू रस्ताच. ती विरळ होऊ लागली की मुक्काम जवळ आला असे समजावे. मध्यम लहरींवर संच हाताने किंचित वळवूनही आवाज सुधारता येई.

यातले काहीही अंधांसाठी म्हणून घडवलेले नव्हते. तेव्हाच्या तंत्राला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता, एवढेच. फुकट मिळालेली सोय फुकटच जाते, आणि जाताना तिची दखलही कोणी घेत नाही.

ब्रिटनमध्ये मात्र हा विचार जाणीवपूर्वक झाला. १९२६ मध्ये तेथे कायदा करून अंध व्यक्तींना रेडिओ परवान्याचे शुल्क माफ करण्यात आले. १९२९ च्या नाताळात विन्स्टन चर्चिल यांनी नभोवाणीवरून मदतीचे आवाहन केले आणि अंधांना रेडिओ संच पुरवणारा निधी उभा राहिला. ती संस्था आजही काम करते आणि स्पर्शाने हाताळता येतील असे संच देते. भारतात परवान्याची पद्धत १९८० च्या दशकात संपली. संच कसा असावा, हा प्रश्न मात्र बाजारावर सोडला गेला.

मग संच डिजिटल झाले. बटण गोल गोल फिरतच राहते, कुठेही अडत नाही. एकच कळ थोडा वेळ दाबली तर एक काम करते, जास्त वेळ दाबली तर दुसरेच. आपण कुठे आहोत हे फक्त पडदा सांगतो. तरीही एफएमवर वाट काढता आली. २००२ नंतर मुंबईत खासगी वाहिन्या आल्या. ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी रांग ध्यानात ठेवून ‘पुढचे केंद्र’ ही कळ मोजून दाबली की काम भागे. डीआरएम या डिजिटल प्रक्षेपणात ही वाटही अरुंद होते. आकाशवाणीने गेल्या दशकात देशातील अनेक मध्यम लहरी प्रक्षेपकांवर ही पद्धत आणली. तिच्यात आवाज स्वच्छ मिळतो. पण लहर क्षीण झाली की खरखर होत नाही, थेट शांतता पसरते. संच बंद पडला, केंद्र हुकले की सेल संपले, हे त्या शांततेतून कळत नाही.

‘हातात मोबाइल आहे की!’ हा आक्षेप येतोच. तो अगदी चुकीचा नाही. २००९ पासून आयफोन आणि अँड्रॉइड फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. पण २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरांत अनेक ठिकाणी वीज खंडित झाली, मोबाइलचे जाळे कोलमडले. अशा रात्री सेलवर चालणारा छोटा संच हाच बाहेरच्या जगाशी उरलेला दुवा असतो. तो लावण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागत असेल, तर तो संच त्या श्रोत्याचा नव्हेच.

म्हणून घाटकोपर वा अंधेरीच्या दुकानात संच पारखताना डोळे मिटावेत. कळा एकमेकींपासून बोटांना वेगळ्या लागतात का? पाठ झालेल्या केंद्रांसाठी स्वतंत्र कळा आहेत का? कळ दाबल्यावर ‘बीप’ वाजते किंवा संच बोलतो का? सेल बदलले तर साठवलेली केंद्रे पुसली जातात का? (हा प्रश्न दुकानदाराला सहसा कोणी विचारत नाही. त्याने लगेच सेल काढून दाखवले तर उत्तम.) आतून डिजिटल चिप आणि बाहेर दोन टोकांना अडणारे जुने बटण, असेही खिशातले संच मिळतात. दिसायला साधे, पण बोटांना ओळखीचे. २०१७ मध्ये आलेल्या ‘कारवाँ’ने मोठे फिरते बटण परत आणले. त्यामागे ज्येष्ठांची सोय आणि जुन्या दिवसांची ओढ होती, अंधांची मागणी नव्हे. सोय पुन्हा एकदा योगायोगानेच मिळाली.

वास्तविक २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम ४२ सांगते की, दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, आणि त्यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी ते शासनावर टाकते. साध्या मोबाइलच्या ५ या कळीवर एक उंचवटा असतो. त्यावर बोट ठेवले की बाकीच्या कळा आपोआप सापडतात. रेडिओवर तेवढा एक ठिपका देण्यासाठी साच्यात फक्त एक खळगा लागतो.