दिसत नाही तो पूल

भाचीनं अमेरिकेतल्या व्हरमाँटहून फोटो पाठवला. नदीवर लाकडी पूल आणि पुलावर चक्क घरासारखं छप्पर. खाली प्रश्न होता, ‘मावशी, तुमच्याकडे असले पूल आहेत का गं?’

नाहीत बाई. ते छप्पर माणसांसाठी नसतं, लाकडासाठी असतं. उघड्यावरचं लाकूड पावसा-बर्फानं काही वर्षांत कुजतं. झाकलेलं शंभर-दीडशे वर्षं टिकतं. म्हणून एकट्या व्हरमाँटमध्ये असे सुमारे शंभर पूल अजून उभे आहेत. कोकणातल्या माणसाला छप्पर कधी सुचलं नाही. पुरात लाकडी साकव गेला की नवा घालायचा, झालं! आणि जिथं टिकायला हवं तिथं दगड. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावात कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा कमानींचा पूल आहे, त्याला कसलं छप्पर लागतंय?

पण झाकलेला पूल आमच्या भोपाळातही आहे, असं मला नंतर वाटलं. कोटरा सुल्तानाबादेत राहून मी कितीतरी वर्षं ‘पुलपुख्ता’ हे एखाद्या मोहल्ल्याचं नाव समजत होते. रिक्षा जहांगीराबादकडून जुन्या शहरात शिरते, दुकानं लागतात, हॉर्न वाजतात. पूल कुठं दिसतो? सासूबाई मात्र त्याला ‘पक्का पूल’च म्हणायच्या. फारसीतल्या ‘पुख्ता’चा अर्थ तोच, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

1794 मध्ये, नवाब हयात मुहम्मद खान यांच्या काळात, त्यांचे दिवाण छोटे खान यांनी हा बांधला. मुळात तो बांधच. मोठा तलाव राजा भोजाच्या नावावर सांगतात, म्हणजे अकराव्या शतकातला. त्याच्या खालच्या बाजूला पाणी अडवून छोटा तलाव केला आणि त्या बांधावरून रस्ता नेला. धरण आणि पूल एकाच खर्चात. नवाबी म्हटलं की आपल्याला अत्तर न् शेरवानी आठवते. हा हिशेब कुणी सांगत नाही. पाण्याला वाट आहेच, ते पुढं पातरा नाल्यानं हलाली नदीकडं जातं.

एकदा चौकातल्या मंदिरात जाताना मी सासूबाईंना घेऊन मुद्दाम तिथं उतरले. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जमीन एकदम खाली गेलेली. तेव्हा कुठं माझ्या पायांना पूल समजला. सासूबाई म्हणाल्या, ‘विहार करत महाराज यायचे तेव्हा आम्ही इथंच उभ्या राहायचो. त्यांना ना गाडी चालते, ना घोडा. पूल धड नसेल तर त्यांनी यायचं कसं?’

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या बसगाड्याही. ती बातमी ऐकल्यापासून मी अशा जागी खाली वाकून पाहते. इथं वाकले तर कठड्याच्या फटीत पिंपळ रुजलेला, हातभर वाढलेला. तो उपटायला कुणाला सांगायचं, हे फुगेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘कौन-सा पुल, माताजी?’