गोवा ट्रान्स

गोवा ट्रान्स : सिंथेसायझर, तालयंत्र इ. इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर रचलेला नृत्यसंगीताचा एक प्रकार. गोव्याच्या बार्देश तालुक्यातील हणजूण व वागातोर येथील किनाऱ्यांवर १९८० नंतरच्या दशकात त्याची जडणघडण झाली आणि १९९० नंतर यूरोपीय गटांनी त्यास निश्चित रूप दिले. मिनिटाला सु. १४० ते १५० ठोक्यांची अखंड लय, तीवर चढत जाणाऱ्या स्वरावली आणि गायनाचे गौणत्व ही त्याची प्रमुख लक्षणे होत. पुनरावृत्तीतून नर्तकास तंद्री लागावी, या हेतूवरून ‘ट्रान्स’ ही संज्ञा रूढ झाली. तालाच्या आवर्तनांतून भान हरपण्याचा अनुभव जागरण-गोंधळासारख्या विधींतही येतो. येथे मात्र त्यास कुलदैवताचे वा विधीचे अधिष्ठान नाही.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यानंतर त्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तानमार्गे हिप्पी प्रवासी तेथे येऊ लागले. त्यांच्या पौर्णिमेच्या मेळाव्यांत आरंभी रॉक संगीत चाले. पुढे लॉराँ या फ्रेंच डीजेने इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या ध्वनिफिती वाजविण्यास प्रारंभ केला. गाण्यातील शब्दांचा भाग वगळून केवळ लयप्रधान तुकडे जोडण्याची पद्धत यातूनच रुळली. सॅन फ्रॅन्सिस्कोहून १९७० च्या सुमारास आलेला गिल्बर्ट लेव्ही ऊर्फ गोवा गिल (१९५१–२०२३) हा या परंपरेचा प्रमुख प्रवर्तक मानला जातो. उष्णता व धूळ यांमुळे तबकड्या खराब होत. म्हणून येथील डीजे ध्वनिफितींवर आणि १९८७ मध्ये बाजारात आलेल्या अंकीय फितींवर विसंबून राहिले.

हिवाळा संपताच परतणाऱ्या प्रवाशांबरोबर हे संगीत यूरोपात पोहोचले. लंडनमध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ (१९९३) व ‘टिप’ (१९९४) या ध्वनिमुद्रण संस्था निघाल्या. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकेनफोल्ड याचा ‘गोवा मिक्स’ हा कार्यक्रम बीबीसीवरून प्रसारित झाल्यावर त्यास व्यापक श्रोतृवर्ग लाभला. ‘जूनो रिॲक्टर’ या लंडनमधील गटाची वाटचाल या दृष्टीने प्रातिनिधिक आहे. बेन वॉटकिन्स याने १९९० मध्ये स्थापिलेल्या या गटाचा ट्रान्समिशन्स हा पहिला संग्रह १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायबल ऑफ ड्रीम्स (१९९७) या संग्रहात त्याने दक्षिण आफ्रिकेतील अमाम्पोंडो या तालवादक समूहास सहभागी करून घेतले व यंत्रसंगीतास मानवी वादनाची जोड दिली. २००३ मधील ‘मेट्रिक्स’ चित्रपटांसाठी संगीतकार डॉन डेव्हिस याच्यासह त्याने काम केले. त्यांतील ‘नवरस’ या रचनेत बृहदारण्यकोपनिषदातील प्रार्थना योजिली आहे. इझ्राएलमध्ये ‘ॲस्ट्रल प्रोजेक्शन’ या गटाने ही शैली लोकप्रिय केली. नव्वदीच्या अखेरीस तिचे सायकेडेलिक ट्रान्स या अधिक वेगवान व रुक्ष प्रकारात रूपांतर झाले.

नाव गोव्याचे असले, तरी मांडो, दुलपद वा घुमटवादन या स्थानिक परंपरांचा ठसा या संगीतावर उमटला नाही. गावकऱ्यांचा संबंध मुख्यतः खोल्या भाड्याने देणे व नृत्यस्थळी चटया अंथरून चहा विकणे, एवढ्यापुरताच राहिला. त्यातून अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळाले. तथापि अमली पदार्थांचा वापर आणि रात्रभराचा गोंगाट यांविरुद्ध तक्रारीही वाढल्या. गोरे प्रवासी व भारतीय यांच्यात नृत्यभूमीवरही दुरावा कसा टिकून राहिला, याची चिकित्सा भूगोलज्ञ अरुण साल्दान्हा यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात केली आहे. केंद्र शासनाच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या मुक्त मेळाव्यांना उतरती कळा लागली. २००७ मध्ये कांदोळी येथे सुरू झालेला ‘सनबर्न’ हा महोत्सव तिकिटे लावून भरणारा व्यापारी उपक्रम होता; २०१६ मध्ये तो पुण्याजवळ भरला. पोर्तुगालमध्ये १९९७ पासून भरणाऱ्या ‘बूम’सारख्या महोत्सवांतून ही परंपरा परदेशांत टिकून राहिली. गोव्याला तिच्यातून जगभर नाव मिळाले. परंतु तिच्या ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय आणि तिचे नामांकित गट प्रामुख्याने परदेशांतच वाढले.