बाई काय म्हणाल्या?

गेल्या रविवारी मुलुंडला आईकडे गेले होते. दुपारी आत्याचा व्हॉइस मेसेज आला. आईचे हात कणकेत, म्हणून तिसरीतल्या माझ्या भाचीने तो कानाला लावून ऐकला.

"काय म्हणाली गं आत्याआजी?" मी विचारलं.

"खूप काय काय म्हणाली," असं म्हणून तिने अख्खा मेसेज पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मधल्या खोकल्यासकट!

आई म्हणाली, "थांब. आजोबा आत्ता बाजारातून येतील. त्यांनी चपला काढेपर्यंत तुझं सांगून झालं पाहिजे. काय सांगशील?"

भाची जरा थांबली. "शनिवारी नाही, रविवारी येणारे. आणि आपला डबा तिच्याकडे राहिलाय."

झालं! अडीच मिनिटांचा मेसेज दोन वाक्यांत. मला एकदम आईचा वर्ग आठवला.

आमच्या नातेवाइकांना माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. आई १९७५ पासून २००८ पर्यंत पूर्व उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. ही उपनगरं मुंबईत आली तीच उशिरा. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, आणि १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. मग गिरण्या, कारखाने, नव्या वसाहती, डोंगरावरच्या झोपड्या. आईच्या वर्गात मराठी घरांतली मुलं होती, तशी घरी गुजराती, तेलुगू, भोजपुरी बोलणारीही होती. अनेकांच्या आईवडिलांना वाचता येत नसे. त्यामुळे शाळेची सूचना घरी पोचायची ती मुलांच्या तोंडून. संध्याकाळी प्रत्येक घरात एकच प्रश्न, "बाई काय म्हणाल्या?"

एकदा लस टोचायला डॉक्टर येणार होते. आईने वर्गात सांगितलं, की उद्या आईला बरोबर आणा, ताप असेल तर आधी सांगा, घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर! मुलांनी घरी जाऊन सांगितलं होतं, "उद्या इंजेक्शन आहे." बास, एवढंच. खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण जे पोचायला हवं होतं ते वाटेतच राहिलं. त्यातल्या काही मुलांची लस त्या खेपेला चुकलीच. आईला ते फार लागलं. ती म्हणते, "मी त्यांना कविता पाठ करायला शिकवलं होतं, निरोप सांगायला नाही."

यावर विचार करताना मला वाटतं, आपल्या शाळेने सारांश म्हणून जे शिकवलं ते बरंचसं 'तात्पर्य' होतं. बापू छत्र्यांची मराठी इसापनीती १८२८ साली आली, आणि तेव्हापासून कितीतरी पिढ्या गोष्टीखाली छापलेलं तात्पर्य वाचत मोठ्या झाल्या. आपणही झालो. गोष्ट कोल्ह्याची असो की करकोच्याची, तात्पर्य तयार असायचं. ते पाठ केलं की मार्क मिळायचे. गोष्टीतलं काय महत्त्वाचं हे आधीच कोणीतरी ठरवलेलं. निरोपाचं तसं नाही. तो छापून मिळत नाही. ऐकणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं, की यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं.

गंमत म्हणजे ही अडचण शाळेत खऱ्या अर्थाने आणली ती रेडिओ आणि टीव्हीने. पुस्तक परत उघडता येतं. रेडिओवरचं वाक्य एकदा गेलं की गेलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे टीव्ही पोचला, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. त्यात हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया होत्या, मराठी नव्हती. आपली पाळी आली ती इन्सॅटच्या काळात. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली, आणि पाच ते आठ व नऊ ते अकरा अशा वयोगटांच्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम होऊ लागले. आठवतात ना? दुसऱ्या पाळीला शाळा असलेले आपण सगळे सकाळी जेवता जेवता बघायचो!

आईच्या शाळेत एकच टीव्ही होता, मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात. कार्यक्रमाआधी मुलांना विषय सांगायचा, मग दाखवायचा, मग त्यावर बोलायचं, अशी तीन पायऱ्यांची पद्धत शिक्षकांना ठाऊक होती. पण तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गळायची. कार्यक्रम संपला की घंटा, की पुढचा तास.

आईने तिसरी पायरी वाचवायला एक युक्ती काढली. दर वेळी पाच मुलांना ती व्हरांड्यात बसवायची. ही 'बाहेरची' मुलं. आतल्यांनी कार्यक्रम बघायचा आणि नंतर बाहेरच्यांना सांगायचा. पाच बोटांवर पाच गोष्टी, कोण, कुठे, काय झालं, का झालं, शेवटी काय. बोटं संपली की थांबायचं. मग बाहेरच्यांनी ऐकलेल्यावरून पाटीवर चित्र काढायचं. चित्रात गाय विहिरीच्या आत उभी दिसली, की आतल्यांना कळायचं आपलं कुठे चुकलं :-) बाई चूक काढत नसत, चूक पाटीवर दिसायची. आणि पुढच्या वेळी बाहेरची पाच मुलं बदललेली असायची.

दुसरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ऐकलेलं सांगताना मुलं सगळं क्रमाने सांगतात, पण चित्र दाखवलं की यादी करतात. "झाड आहे, बाई आहे, टोपली आहे, कुत्रा आहे..." कारण चित्र सगळं एकदम समोर येतं, त्याला सुरुवात नाही की शेवट नाही. म्हणून ती म्हणायची, "यादी नको. चित्राला नाव द्या." बाजाराच्या एका चित्राला जवळपास सगळ्यांनी 'बाजार' नाव दिलं. एका मुलाने दिलं, 'आई कुठे गेली?' कोपऱ्यात एक लहान मूल रडत होतं, ते फक्त त्याला दिसलं होतं. आईने दोन्ही नावं फळ्यावर लिहिली आणि दोघांनाही विचारलं, "का?"

आणि भाषेचं. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांतून चालत आल्या आहेत. पण माध्यम मराठी असलं तरी मुलाचं घर मराठी असेलच असं नाही. तेलुगू घरातला मुलगा मराठीत ऐकून आईला तेलुगूत सांगायचा. तिथे पोपटपंची चालतच नाही, कळलं असेल तरच सांगता येतं. आई म्हणायची, "ही मुलं माझ्याहून जास्त काम करतात."

मग हे टिकलं का नाही? तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण वहीत कुठे आहे?" वहीत नव्हतंच. बोललेल्याची नोंद राहत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते झालं नाही असं धरलं जातं. खरं तर १९९१ च्या 'किमान अध्ययन पातळ्यां'मध्ये ऐकून आणि वाचून विचार समजणं ही क्षमता स्पष्ट लिहिलेली होती. पण परीक्षा लेखी, म्हणून शिकवणंही लेखी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि तोंडी कामाच्या नोंदी होऊ लागल्या २०१० मध्ये. तोवर आई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती!

'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद झाली. जुलै २०२० मध्ये, शाळांना कुलूप असताना, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. आई रोज दुपारी शेजारच्या मुलाला गॅलरीतून विचारायची, "आज काय दाखवलं रे? मी झोपले होते." झोपलेली कसली, ती आधी पूर्ण कार्यक्रम बघायची! पण तिला 'बाहेरचं' मूल व्हायचं होतं. हल्ली मुलं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकतात, बघतात. मात्र पुढे पाठवायला एक बोट पुरतं, सांगावं लागतच नाही. त्यामुळे कळलं की नाही हे कोणालाच कळत नाही. लस चुकली तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी रिकामे बाक तरी दिसले होते.

असो. तर परवा बाबा आले. एक चप्पल काढायच्या आतच भाचीने निरोप सांगून टाकला. रविवार, डबा, सगळं बरोबर. बाबांनी विचारलं, "आणि गुडघ्याचं काही म्हणाली?"

"हो, दुखतोय म्हणाली. पण ते काही महत्त्वाचं नव्हतं."

बाबांनी पिशवी तशीच खाली ठेवली आणि बहिणीला फोन लावला. आईने भाचीला जवळ बोलावलं आणि कणकेचा हात वर करून सहावं बोट दाखवल्यासारखं केलं. "कोणाला सांगतोय, तेही बघायचं हं."

तुमच्या वर्गात असं काही असेल, तर आईसाठी नक्की कळवा. मी तिला थोडक्यात सांगेन :-)