वेष्टन आणि व्यसन

हिंदुस्थानातील तंबाखूचा इतिहास सांगू लागले की पहिली गोष्ट विजापूरची निघते; आणि त्या गोष्टीत तंबाखूपेक्षा तिच्या साजाचेच वर्णन अधिक आहे. अकबर बादशहाचा सरदार असद बेग हा १६०४ च्या सुमारास आदिलशाही दरबारातील कामगिरी आटोपून परतला, त्यापूर्वी त्याला विजापुरात तंबाखू पाहावयास मिळाली होती. ती पुरचुंडीत बांधून बादशहापुढे ठेवावी असे त्या चतुर वकिलाच्या मनात आले नाही. त्याने तीन हात लांबीची उत्तम नळी मिळवली, तिची दोन्ही टोके जडावाने व मिन्याने मढवली, तोंडात धरण्यासाठी येमेनी अकीक बसवला आणि विस्तवासाठी सोन्याचे पात्र योजले. नळी ठेवण्यास चांदीचे घर केले व त्यावर जांभळी मखमल चढवली. हा सारा सरंजाम चांदीच्या तबकात मांडून बादशहापुढे गेला. अकबराने दोनचार झुरके घेतले. जवळ असलेल्या हकिमाने हरकत काढली. बादशहाने पुढे सवय लावून घेतली नाही. परंतु दरबारी मंडळींनी मात्र ती वस्तू मागून मागून घेतली, आणि थोड्याच काळात व्यापारी ती विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूस मनाई केली, पण ती मनाई टिकली नाही.

विषय सिगारेटच्या पाकिटाचा असता चार शतके मागे जाण्याचे कारण एवढेच की, जांभळ्या मखमलीचे ते आवरण म्हणजे आपल्या देशातील तंबाखूचे पहिले वेष्टनच होय. वेष्टनाने माणूस व्यसनाकडे ओढला जातो काय, आणि वेष्टनावरची शोभा काढून घेतली तर तो मागे फिरतो काय, हा वाद अलीकडे अनेक देशांच्या कायदेमंडळांत व न्यायालयांत लढवला गेला आहे. वऱ्हाडच्या माणसाने तो परक्यांचा म्हणून सोडून द्यावा असे नाही, कारण या वादातील एक महत्त्वाचा पुरावा त्याच्याच पानठेल्यावर पडून आहे.

जुन्या वऱ्हाडात तंबाखूला छाप नव्हता. चिलीम ज्याची त्याची असे, चंची घरी शिवलेली असे, आणि तंबाखू एका बाजूस व चुना दुसऱ्या बाजूस अशी दुतोंडी डबी कनवटीला किंवा बंडीच्या खिशात असे. तंबाखूची परीक्षा वासावरून व तळहातावर मळून होई. तिचे नाव विचारले तर ती कोठे पिकली त्या गावाचे नाव सांगत. बिडीचा कारखाना आला आणि ही रीत पालटली. भंडारा, गोंदिया या बाजूच्या जंगलांतील तेंदूची पाने, निपाणी किंवा गुजरातकडची तंबाखू आणि हजारो स्त्रीपुरुषांचे हात यांवर हा धंदा उभा राहिला. मौज अशी की एका कारखान्याची बिडी दुसऱ्या कारखान्याच्या बिडीपासून डोळ्यांना वेगळी करता येत नाही. पान तेच, दोरा तोच, आकार तोच. वेगळेपण असते ते कट्ट्याभोवती गुंडाळलेल्या पातळ कागदात. त्यावर कोठे प्राणी, कोठे फूल, कोठे दैवत, तर कोठे खुद्द कारखानदाराचे पगडीटोपीतले चित्र. अक्षरओळख नसलेला गिऱ्हाईकही चित्र पाहून आपला कट्टा अचूक उचलतो. १९४० मध्ये या देशात व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, तेव्हा असल्या कागदी चित्रांनाही मालमत्तेची प्रतिष्ठा मिळाली.

सिगारेटने तर पाकिटाची कलाच निर्माण केली. परदेशात प्रथम मऊ कागदी पाकिटे असत. ती चेपू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत, आणि तो कोरा कशाला ठेवावा म्हणून त्यावर नट्या, योद्धे व क्रिकेटपटू छापू लागले. आपल्याकडे हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीच्या पाकिटावरील चारमिनार ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्यालाही ठाऊक असे. शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील मुले रस्त्यावरची रिकामी पाकिटे वेचून त्यांचा डाव मांडीत; कोणत्या छापाचे मोल किती, हे ठरलेले असे. म्हणजे ज्या वयात पाढे पाठ व्हावयाचे त्याच वयात सिगारेटची नावे व त्यांची उतरंड पाठ होई. पाकिटाचा परिणाम कोणावर होतो, या प्रश्नाचे उत्तर येथे बरेचसे सापडते. ज्याला सवय जडली आहे त्याला कागदाची फारशी पर्वा नसते. ज्याला अजून जडावयाची आहे त्याच्याशी कागद बोलतो.

सरकारने या कागदावर हात टाकला तो हळूहळू. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशाऱ्याची एक ओळ आली. बिडीच्या कट्ट्याला ती लागू नव्हती, आणि वाचता न येणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. २००३ च्या कायद्याने जाहिराती बंद केल्या. तेव्हा पाकीट हीच कंपनीच्या हाती उरलेली शेवटची जाहिरात ठरली. ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या दर्शनी भागाच्या शेकडा ४० जागेवर चित्रमय इशारा आला. धूम्रपानाच्या मालावर फुप्फुसाचे चित्र आले, आणि खाण्याच्या तंबाखूवर विंचू. या विंचवाची योजना कोणी केली असेल ते असो. पण जेथे पिढ्यान् पिढ्या प्राण्यांची चित्रे पाहून माल ओळखला जातो तेथे खेड्यातील माणसाने त्याला ‘विंचू छाप’ समजावे, यात त्याचा दोष नाही. पुढे रोगग्रस्त तोंडाची व गळ्याची चित्रे आली, आणि १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने शेकडा ८५ जागा व्यापली.

ही ८५ ची मर्यादा वास्तविक वर्षभर आधी यावयाची होती. ती अडली तेव्हा त्या वादात महाराष्ट्रातील माणसे दोन्ही बाजूंस होती. नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते. तंबाखूमुळे कर्करोग होतो असे दाखविणारा भारतीय अभ्यास नाही, असे विधान त्यांनी मार्च २०१५ मध्ये केले. त्याच्या अवघे दीड महिना आधी, १६ फेब्रुवारी रोजी, राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील मुखाच्या कर्करोगाने वारले होते. स्वतः त्याच व्याधीतून उठलेले शरद पवार यांनी इशारा मोठा करण्याच्या बाजूने आवाज उठवला. भारतीय अभ्यासाविषयी म्हणावयाचे तर, मुंबईच्या टाटा रुग्णालयात जन्म घातलेले काम कधीच जगापुढे आले होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांचे सहकारी यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्येच ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. साठ वर्षांनी समितीच्या अध्यक्षांना त्याची गंधवार्ता नसावी, हे आश्चर्य आहे.

आता साध्या पाकिटाकडे वळू. १ डिसेंबर २०१२ पासून ऑस्ट्रेलियात सिगारेटच्या सर्व पाकिटांचा रंग एकच झाला. हा मळकट, शेवाळी-तपकिरी रंग लोकांना अधिकांत अधिक ओंगळ वाटतो, अशी आधी चाचणी घेऊन तो निवडला होता. त्याला ऑलिव्हचे नाव देऊ नये म्हणून तेथील ऑलिव्ह बागाईतदारांनी विनवणी केली. पाकिटावर कंपनीचे चिन्ह नाही, नक्षी नाही. नाव तेवढे ठरीव टायपात, बाकी सर्व रोगाची चित्रे. कंपन्या तेथील सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २०१२ मध्ये हरल्या. एका कंपनीने हाँगकाँगशी झालेल्या जुन्या कराराचा आधार घेऊन लवाद मागितला, तोही २०१५ मध्ये फेटाळला गेला. जागतिक व्यापार संघटनेपुढे काही तंबाखू-उत्पादक देशांनी गाऱ्हाणे नेले. त्याचा अखेरचा निकाल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. वेष्टनाने काहीच होत नसते तर शहाण्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी आठ वर्षे वकील पोसले नसते, एवढे अनुमान काढण्यास तर्कशास्त्राची पदवी लागत नाही.

तथापि परिणाम किती, हे पाहू गेल्यास आकडे विनयशील आहेत. साध्या पाकिटापूर्वीच्या ३४ महिन्यांत चौदा वर्षांवरील ऑस्ट्रेलियन लोकांत धूम्रपान करणारे सरासरी शेकडा १९.४ होते, नंतरच्या ३४ महिन्यांत १७.२. या घसरणीपैकी सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे शंभरात अर्ध्या माणसाहून किंचित अधिक (०.५५), पाकिटातील बदलामुळे झाला असे तेथील सरकारच्या २०१६ च्या परीक्षणात निघाले. त्या बदलात मोठी केलेली चित्रेही होती. शिवाय याच सुमारास करही वाढत होता. अर्धा माणूस हा आकडा हसण्यासारखा वाटेल. पण त्या मानाने लहान लोकसंख्येच्या देशातही त्याचा अर्थ एक लाखाहून अधिक माणसे असा होतो. इंग्लंड, फ्रान्स व इतर देशांनी हाच मार्ग धरला. आशियात प्रथम २०१९ मध्ये सयाम म्हणजे थायलंड, मग २०२० मध्ये सिंगापूर. भारताने तो धरलेला नाही.

महाराष्ट्रात मात्र वेष्टनाची एक निराळीच परीक्षा होऊन गेली. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या बिडीच्या कट्ट्यावर कित्येक दशके ‘संभाजी’ हे नाव होते. छत्रपतींचे नाव कट्ट्यावर यावे, आणि तो कागद बिडी संपताच पायदळी जावा, हे अनेकांस असह्य झाले. २०२० मध्ये आंदोलन पेटले. त्या सप्टेंबरात कंपनीने नाव बदलण्याचे मान्य केले, पण मुदत मागितली. रुळलेले नाव एका रात्रीत काढले तर धंद्यास आणि त्यावर पोट असलेल्या बिडी कामगारांस धक्का बसेल, असे तिचे म्हणणे होते. २०२१ मध्ये ती ‘साबळे बिडी’ झाली. हा वाद आरोग्याचा नव्हता, आदराचा होता. परंतु नावाच्या चार अक्षरांवर किती घरांची चूल अवलंबून आहे, हे त्या निमित्ताने कारखानदाराच्याच तोंडून वदले गेले. तंबाखूविरुद्ध लिहिणाऱ्यांनी सिन्नर, सोलापूर, भंडारा येथील बिड्या वळणाऱ्या स्त्रियांची ही बाजू नजरेआड करणे बरे नव्हे.

त्याच सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुट्या सिगारेटी व सुट्या बिड्या विकण्यास बंदी केली. वर्तमानपत्रांत तिला नावबदलाइतकी जागा मिळाली नसेल, पण आपल्या प्रश्नाचे मर्म या हुकमात आहे. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव लागते. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवालयासाठी ते प्रसिद्ध आहे. अशा गावच्या पानठेल्यावर मजूर किंवा शाळकरी पोर सबंध पाकीट घेत नाही. तो एक सिगारेट मागतो. ठेलेवाला पाकीट फळीवरून काढतो, एक नग देतो, पाकीट पुन्हा फळीवर ठेवतो. रोगग्रस्त घशाचे चित्र पाहतो तो ठेलेवाला. ज्याच्यासाठी ते छापले तो पाहत नाही. पाकीट रंगीत असो वा शेवाळी, त्या पोराला दोन्ही सारखीच. खाण्याच्या तंबाखूचेही तेच. पुडी फोडली, तंबाखू डबीत ओतली, चित्र मातीत गेले.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत इशारा पाहून व्यसन सोडण्याचा विचार मनात आला असे सांगणारे सिगारेट ओढणाऱ्यांत शेकडा ६२ निघाले, बिडी ओढणाऱ्यांत ५४ आणि तंबाखू खाणाऱ्यांत ४६. ही उतरंड बोलकी आहे. वेष्टन जितका वेळ हातात राहते तितका त्याचा परिणाम, असे तिच्यावरून म्हणता येते. महाराष्ट्रात प्रौढांतील तंबाखूसेवन २००९-१० मध्ये शेकडा ३१.४ होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ वर आले. ओढणारे ६.६ वरून ३.८ झाले, म्हणजे निम्म्याजवळ; खाणारे मात्र २७.६ वरून २४.४ इतकेच उतरले. कर, बंदी, शिक्षण यांचा वाटा किती व चित्राचा किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

आणि विदर्भापुढचा खरा पुरावा खर्ऱ्याचा आहे. सुपारी, तंबाखू व चुना पातळ पन्नीत घालून ठेलेवाला तो गिऱ्हाइकासमोर घोटून देतो. त्या पन्नीवर नाव नाही, छाप नाही, रंग नाही, इशाराही नाही. ऑस्ट्रेलियाने कायद्याने जे केले त्याहूनही साधे असे हे वेष्टन विदर्भात आपोआप रूढ झाले आहे, आणि खर्ऱ्याचा खप त्याने अडलेला नाही. यावरून साधे पाकीट कुचकामी आहे असे कोणी म्हणेल, तर ते घाईचे होईल. खर्ऱ्याची ओढ पन्नीत कधी नव्हतीच. ती ठेल्यावरच्या बैठकीत, घोटण्यात, मित्राने पुढे केलेल्या चिमटीत आहे. कागदावरचे आकर्षण कागदावरच काढून टाकता येते. हाताहातांतून चालणाऱ्या वस्तूला तो उपाय लागू पडत नाही. २०१२ पासून गुटख्यावर आणि पुढे सुगंधित तंबाखू, खर्रा, मावा यांवर राज्यात बंदीचे हुकूम निघत आले आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे काम चालले. त्यात गावसभेत ठराव करून गावातील विक्री बंद करण्यावर भर दिला गेला. तेथे पाकिटाचा प्रश्न आला नाही, कारण गावात विकल्या जाणाऱ्या खर्ऱ्याला पाकीट नव्हते.