मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर

अखंड हरिनाम सप्ताह बसला की गावात वीणेचा पहारा लागतो. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाणारी ती वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. वीणेकऱ्याच्या पाया सारे गाव पडते. पण ती वीणा कोणाच्या हातची, असे कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रात वीणा, तंबोरा, सतार यांचा माग काढीत गेले की वाट बहुधा मिरजेस जाते, आणि मिरजेत ती फरीदसाहेबांच्या दाराशी पोहोचते.

फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणे व ते उजळणे हा घराण्याचा धंदा. १८१८ मध्ये पेशवाई संपली, संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारे भिंतीवर टांगली गेली. शिकलगारांच्या पोटावर पाय आला. त्या काळी मिरज ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असून दरबारात गवयांचा राबता होता. गवयांची नादुरुस्त वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिनुद्दीन स्वतःच वाद्ये घडवू लागले, असे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हा काळ साधारण १८५० चा मानतात. पुढे या घराण्यास 'सतारमेकर' हेच नाव पडले.

तंबोऱ्याचा भोपळा हा खाण्याचा भोपळा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या मुलखातून तो मिरजेस येतो. विठोबाच्या पायथ्याची माती अशी देवळादेवळांतून बोलते, हे वारकऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. वेलावर पक्व झालेला भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, मग कापून आतला गर व बिया काढायच्या. त्यावर तून लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी जोडायची, तोंडावर तबली बसवायची, नक्षी करून लाखेचे पॉलिश द्यायचे. पुरुषी गळ्यासाठी तंबोरा मोठा, बायकी गळ्यासाठी लहान.

इथवरचे काम कोणीही कुशल सुतार शिकू शकेल. खरी परीक्षा जवारीची. चारही तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसेने इतका सूक्ष्म उतरता घासायचा की कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्शत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. त्या धाग्याला 'जीव' म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. धागा नेमक्या जागी आला की कोरडी तार एकदम गुंजू लागते. कानस जरा जास्त चालली तर घोडी पुन्हा नव्याने लावावी लागते. या कामाला माप नाही, कानच प्रमाण. तलवारीचे पाते बोटाने जोखणाऱ्या हातांना हे काम फार परके वाटले नसावे.

याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना तालीम दिली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात तरबेज असल्याने जवारीतील उणे त्यांच्या कानातून सुटत नसे. अशा गिऱ्हाइकामुळेच कारागीर तयार होतो. १९३७ मध्ये खाँसाहेब पैगंबरवासी झाले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांची कबर आहे. दर्ग्याच्या उरुसात गाण्याची हजेरी लागते, तशीच अंबाबाईच्या नवरात्रातही लागते. दोन्हीकडे मागे वाजणारा तंबोरा बहुधा त्याच गल्लीतला.

फरीदसाहेबांचे चित्र घरोघरी नाही आणि त्यांच्यावर मोठा ग्रंथही कोणी सहसा दाखवीत नाही. गवयांची नावे राहिली, कारागिरांची मागे पडली, हा आपल्याकडचा जुना अन्याय. त्याची थोडी भरपाई २०२४ मध्ये झाली. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र आता विजेवर वाजणारा तंबोरा पिशवीत मावतो, अवकाळी पावसाने भोपळ्याचे पीक जाते, आणि कानसेवर बसून वर्षानुवर्षे कान तयार करण्यास तरुण पोरे सहजी धजत नाहीत.

तरीही जुनी वीणा बोलेनाशी झाली की माणसे ती धोतरात गुंडाळून मिरजेस नेतात. सतारमेकर गल्लीत कारागीर तारा उतरवतो, घोडीवर दोन हात कानस फिरवतो, जीव सरकवतो, आणि तार छेडून मान तिरकी करून ऐकत बसतो.