आर्मांची अडगळ

१९६० च्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसमधील काही कलारसिकांच्या हाती सार्डिन माशांचा एकेक डबा पडला. डब्यात मासे नव्हते, प्रदर्शनाचे आमंत्रण होते. इरिस क्लेअर या बाईंच्या चित्रदालनात इव्ह क्लाइन या चित्रकाराने १९५८ च्या एप्रिलात एक अजब प्रदर्शन भरवले होते. सगळे सामान बाहेर काढून, भिंती पांढऱ्या रंगवून, रिकामी खोली त्याने लोकांना दाखविली होती व तिला ‘पोकळी’ असे नाव दिले होते. आता त्याचाच जिवलग मित्र आर्मां याने ती खोली जमिनीपासून छतापर्यंत कचऱ्याने आणि मोडक्या सामानाने ठासून भरली. आत शिरायला वाव नव्हता; रस्त्यावर उभे राहून काचेतून पाहायचे आणि घरी जायचे. या प्रदर्शनाचे नाव अर्थातच ‘भरलेले’!

हा चावटपणा आहे असे कोणी म्हणाल्यास मी भांडायला जाणार नाही. त्या काळच्या पॅरिसमध्ये चावटपणा पुष्कळ झाला आणि त्यातला बराचसा विसरला गेला तेच बरे झाले. परंतु आर्मांला त्या गर्दीत ढकलून देणे मला न्यायाचे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या चातुर्यात नसून त्याच्या काळात आहे.

मिळालेली वस्तू उचलून तिला कलाकृती म्हणण्याची चाल आर्मांने पाडली नाही. मार्सेल द्युशाँने १९१४ साली पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातून बाटल्या वाळवायची लोखंडी घोडी विकत घेतली होती. तो अमेरिकेला गेल्यावर त्याच्या बहिणीने खोली आवरताना ती फेकून दिली. (बहिणीचा यात काय दोष? घोडी ती घोडीच.) पुढे १९४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, पिकासोने सायकलचे खोगीर आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक केले. पण द्युशाँची वस्तू एकटी होती आणि पिकासोची वस्तू दुसरे काही तरी होऊन बसली होती. आर्मांच्या हाती वस्तू आल्या त्या ढिगाने, आणि त्या जशा होत्या तशाच राहिल्या. नळ तो नळ, घड्याळ ते घड्याळ. फक्त एकाच्या जागी शंभर.

तो १९२८ साली नीस येथे जन्मला. नाव आर्मां फर्नांदेझ. त्यातले आडनाव त्याने स्वतःच सोडून दिले होते, आणि पहिल्या नावाच्या शेवटचे ‘द’ हे अक्षर १९५८ मध्ये एका सूचिपत्राच्या छपाईत गळाले. त्याने ती मुद्रकाची चूक तशीच ठेवून घेतली! बाप जुन्या किमती वस्तूंचा व्यापारी. म्हणजे जी वस्तू शंभर वर्षे टिकली तिला भाव येतो आणि जी काल विकत घेतली ती आज उकिरड्यावर जाते, हा व्यवहार या मुलाने दुकानातच पाहिला असणार. महायुद्धानंतर फ्रान्समधल्या कारखान्यांतून माल धो धो बाहेर पडू लागला आणि तितक्याच वेगाने टाकला जाऊ लागला. १९५९ पासून आर्मांने लोकांच्या केराच्या टोपल्या काचेच्या पेट्यांत जशाच्या तशा रित्या केल्या. कोणी काय खाल्ले, काय फाडले, काय मोडले, सारे काचेआड. उत्खनन करणारे संशोधक प्राचीन नगरांच्या उकिरड्यांवरून तिथल्या माणसांविषयी बोलतात; आर्मांने हजार वर्षे वाट पाहिली नाही इतकेच.

२७ ऑक्टोबर १९६० रोजी, म्हणजे सार्डिनच्या डब्यांच्याच आठवड्यात, टीकाकार पिएर रेस्तानीने क्लाइनच्या घरी ‘नववास्तववादी’ मंडळाच्या घोषणापत्रावर सह्या घेतल्या. त्यात आर्मांची सही आहे. पुढे या मंडळाशी जोडला गेलेला मार्सेयचा सेझार हा त्याच वर्षी यंत्राखाली दाबलेल्या मोटारींचे ठोकळे प्रदर्शनात मांडून बसला होता. सेझारचा हात मला अधिक कसबी वाटतो. संगमरवर परवडत नाही म्हणून भंगाराकडे वळलेला हा कारागीर. पण मनात घर करून राहतात त्या आर्मांच्या पेट्या.

त्यातली एक १९६० चीच आहे. तिचे नाव इंग्रजीत, ‘होम, स्वीट होम’. पेटीत काय, तर विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे, एकावर एक दाबून भरलेले. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये नागरिकांना असले मुखवटे वाटले होते. दुसऱ्या एका पेटीत नुसत्या दातांच्या कवळ्या आहेत. १९४५ मध्ये आउश्वित्झची छावणी मुक्त झाली तेव्हा तिथे चष्मे, जोडे आणि केस यांचे ढीग सापडले होते. पंधराच वर्षे लोटली होती. शिल्पकाराच्या मनात ते ढीग होते की नव्हते हा प्रश्न मला गौण वाटतो. पाहणाऱ्याला ते दिसल्यावाचून राहत नाहीत. वस्तू उरल्या आणि त्या वापरणारी माणसे कुठे आहेत, हे त्या ढिगाला विचारावे लागते.

पुढे आर्मां न्यूयॉर्कला गेला, १९७३ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला, प्रसिद्ध झाला, श्रीमंतही झाला. सँ लाझार स्थानकापुढचा त्याचा घड्याळांचा खांब १९८५ चा. त्यातली कोणतीही दोन घड्याळे एक वेळ दाखवीत नाहीत. गंमत आहे, पण गंमतच. १९८२ मध्ये पॅरिसजवळ जुई-आँ-जोझास येथे सुमारे साठ मोटारी काँक्रीटमध्ये गाडून त्याने वीसेक मीटरांचा मनोरा उभारला, तोही मला उंचीमुळे लक्षात राहतो, अर्थामुळे नव्हे.

या मनोऱ्याचा खरा अर्थ लागला तो लेबनॉनमध्ये. १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे तिथे यादवी पेटली होती. १९९५ मध्ये बैरुतजवळच्या यार्झे येथे, संरक्षण खात्याच्या इमारतीजवळ, आर्मांने तीच रीत वापरली. या खेपेस मोटारींच्या ऐवजी खरेखुरे रणगाडे, चिलखती गाड्या आणि तोफा होत्या, संख्येने ऐंशीच्या आसपास, आणि काँक्रीटचे थर तीसेक मीटर वर गेले. नाव दिले ‘शांतीची आशा’. नाव मला भाबडे वाटते, शिल्प नाही. एरवी युद्धाच्या स्मारकावर रणगाडा चढवतात तो रंगवून, चौथऱ्यावर, विजयाचा म्हणून. इथे विजय कोणाचाच नव्हता, म्हणून चौथराही नाही. गिलाव्यात विटा दिसाव्यात तशी ती अवजारे काँक्रीटमधून अर्धी बाहेर आली आहेत. आर्मां २००५ मध्ये वारला. त्यानंतरच्याच वर्षी बैरुतवर पुन्हा बाँब पडले.